गृहशिक्षण, महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांतील

मुलांचे प्रारंभिक अथवा संपूर्ण शिक्षण शाळेऐवजी घरी, आईवडिलांच्या वा अन्य वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करण्याच्या पद्धतीस गृहशिक्षण म्हणतात. महाराष्ट्रात ही पद्धती नवी नाही. शास्त्री-पंडितांच्या घरी वेदपठण व संस्कृत विद्या, व्यापाऱ्याच्या घरी हिशेब आणि मोडी, कारागिराच्या घरी त्याचा व्यवसाय, असे शिक्षण परंपरेने घरातच चाले. पंतोजींच्या शाळेत मुलींना सहसा प्रवेश नसल्याने त्यांना अक्षरओळख व्हायची असेल, तर ती घरीच होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संख्येने अल्प अशा ख्रिस्ती कुटुंबांनी या पद्धतीस वेगळे वळण दिले. वाचन, लेखन, भाषा आणि हस्तकौशल्य यांच्या जोडीला दया हा त्यांनी शिक्षणाचा मुख्य विषय मानला. मात्र ती पाठ करून घेण्याची गोष्ट मानली नाही. घरी येणाऱ्या गरजू माणसाचे काम मुलांनी वाटून घ्यावे, अशी ही रीत होती. पुण्याचे सोराबजी कुटुंब, पंडिता रमाबाई व त्यांची कन्या मनोरमा, आणि अहमदनगरचे टिळक कुटुंब ही या परंपरेची ठळक उदाहरणे होत.

पार्श्वभूमी : अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. स्कॉटिश मिशन व चर्च मिशनरी सोसायटी यांनीही मुंबई, पुणे आणि नासिक या भागांत शाळा काढल्या. मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत आणि सिंथिया फरार यांनी मुंबईत व नंतर अहमदनगरात मुलींच्या शाळा चालविल्या. अहमदनगरच्या शाळेचा परिणाम जोतीराव फुले यांच्यावर झाला होता. शाळेत येऊ न शकणाऱ्या विवाहित स्त्रियांना त्यांच्या घरी जाऊन शिकविण्याची प्रथाही याच सुमारास रूढ झाली. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरीच अक्षरे शिकविली, हे लक्षात घेतले म्हणजे घर हे त्या काळी स्त्रीशिक्षणाचे पहिले स्थान होते, असे दिसून येते.

ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक कारण होते. बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीस बहुधा आपले एकत्र कुटुंब, जात आणि गाव यांना मुकावे लागे. आजी, आत्या, काका ही मुलांना गोष्टी, गाणी आणि रीतभात शिकविणारी माणसे एकाएकी दुरावत. जे संस्कार एरव्ही मोठ्या गोतावळ्यात आपोआप घडत, ते नव्या घराला जाणीवपूर्वक घडवावे लागले. पती-पत्नी, त्यांची मुले आणि आश्रयाला आलेली माणसे एवढाच गोतावळा उरला. ख्रिस्ती गृहशिक्षणातील शिस्त आणि त्यातील जिव्हाळा या दोहोंचे मूळ या परिस्थितीत आहे.

सोराबजी कुटुंब : रेव्हरंड सोराबजी खरशेटजी हे मुंबईच्या पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. त्यांच्या पत्नी फ्रान्सिना यांचा जन्म दक्षिण भारतातील हिंदू कुटुंबात झाला होता व फोर्ड या इंग्रज दांपत्याने त्यांचे पालनपोषण केले होते. हे कुटुंब नासिक, बेळगाव व पुणे येथे राहिले. कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) यांचा जन्म नासिक येथे झाला. त्यांचे शिक्षण काही अंशी घरी, तर काही अंशी मिशनच्या शाळांत झाले.

या घराची राहणी इंग्रजी धाटणीची होती. तथापि मुलांनी भोवतालच्या सर्व समाजांशी ओळख ठेवावी, असा फ्रान्सिनाबाईंचा आग्रह असे. पुण्यात त्यांनी १८७० च्या दशकात आपल्या घरी चालविलेल्या वर्गातूनच व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा वाढली. निरनिराळ्या धर्मांच्या मुलामुलींनी एकत्र बसून शिकावे, ही त्या काळी धाडसाची कल्पना तेथे अंमलात आली. पुढे त्यांनी मराठी, गुजराती व उर्दू माध्यमांच्या शाळाही काढल्या. त्यांच्या मुली प्रथम आईजवळ शिकल्या आणि मोठ्या होताच आईच्या शाळांत शिकवू लागल्या.

या घरातील दयेच्या शिक्षणाचे स्वरूप कॉर्नेलियांनी इंडिया कॉलिंग (१९३४) या आत्मचरित्रात सांगितलेल्या एका प्रसंगावरून कळते. फ्रान्सिनाबाईंकडे सल्ल्यासाठी स्त्रिया येत. एकदा गुजरातकडील एक विधवा आपली मालमत्ता कारभाऱ्याने फसवून बळकावल्याची तक्रार घेऊन आली. पडद्यातील स्त्री असल्याने तिला कोर्टकचेरी ठाऊक नव्हती आणि परपुरुष वकिलाशी बोलता येत नव्हते. कॉर्नेलिया तेव्हा लहान होत्या. पाहुणीचे अश्रू पाहून त्यांनी आईला प्रश्न विचारले. आईने मुलीला तेथून घालविले नाही. स्त्रीची अडचण तिला समजेल अशा शब्दांत सांगितली आणि अशा स्त्रियांना मदत करावयाची असेल, तर कायदा शिकावा लागेल, असे सुचविले. कळवळा वाटणे पुरेसे नाही, त्यासाठी विद्या संपादन करावी लागते, हा धडा त्या मुलीला घरात मिळाला.

त्याचे फळ दीर्घ काळाने दिसले. कॉर्नेलिया या डेक्कन कॉलेजातील पहिल्या विद्यार्थिनी व मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. इंग्लंडला जाण्यासाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती स्त्री असल्यामुळे त्यांना नाकारण्यात आली. तरीही १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्ड येथे दाखल झाल्या आणि १८९२ मध्ये तेथील कायद्याच्या पदवीची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. ती पदवी मात्र त्यांना १९२२ मध्ये मिळाली. १९०४ पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सच्या सल्लागार या नात्याने त्यांनी पडदानशीन विधवा व अज्ञान वारस यांच्या हिताचे काम केले. त्यांची भगिनी सूसी सोराबजी (१८६८–१९३१) यांनी पुण्यात सेंट हेलेनाज स्कूल स्थापन केले. दुसरी भगिनी ॲलिस पेनेल (१८७४–१९५१) यांनी वैद्यकीय शिक्षण घेऊन वायव्य सरहद्दीवरील बन्नू येथे रुग्णसेवा केली. कायदा, शिक्षण आणि वैद्यक ही तीन क्षेत्रे एकाच घरातील संस्कारांतून निवडली गेली, हे उल्लेखनीय आहे.

पंडिता रमाबाई व मनोरमा : रमाबाई (१८५८–१९२२) यांना गृहशिक्षणाचा वारसा हिंदू घरातून मिळाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या तीर्थयात्रेच्या वाटेवर रमाबाईंना दिली. कोणत्याही शाळेत न गेलेल्या या मुलीस १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. पतीच्या निधनानंतर त्या लहानग्या मनोरमेला (१८८१–१९२१) घेऊन इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेज येथे दोघींनी बाप्तिस्मा घेतला. [⟶ रमाबाई, पंडिता].

ख्रिस्ती झाल्यावरही मुलीच्या शिक्षणाबाबत त्यांनी स्वतःची बुद्धी गहाण ठेवली नाही. मनोरमेस कोणती धर्मतत्त्वे केव्हा शिकवावीत, यावरून त्यांचा वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी तीव्र मतभेद झाला. बालकाला न उमगणारी गूढ तत्त्वे त्याच्यावर लादू नयेत आणि याबाबतचा निर्णय आईचा असावा, अशी रमाबाईंची भूमिका होती. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या ग्रंथातून प्रसिद्ध झाला. मुलाच्या शिक्षणावर हक्क कोणाचा—मातेचा, संस्थेचा की धर्मपीठाचा—हा गृहशिक्षणाचा मूलभूत प्रश्न त्यात अत्यंत स्पष्टपणे मांडलेला आहे.

हाच प्रश्न पुढे उलट बाजूने रमाबाईंसमोर उभा राहिला. अमेरिकेत फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास करून परतल्यावर त्यांनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ ही विधवांची निवासी शाळा काढली; १८९० मध्ये ती पुण्यास आली. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील, असे आश्वासन त्यांनी दिले होते. तथापि त्या आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे व काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. त्यांना बाहेर घालविण्यास रमाबाई तयार नव्हत्या. यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. १८९३ मध्ये महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर आदी सल्लागार संस्थेपासून दूर झाले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. आपल्या मुलीच्या बाबतीत परक्यांचा प्रभाव नाकारणाऱ्या मातेला, आपल्या प्रभावाखाली आलेल्या परक्यांच्या मुलींबाबत तोच आक्षेप ऐकावा लागला. रमाबाईंच्या दृष्टीने ती खोली त्यांचे घर होते. पालकांच्या दृष्टीने ती शाळा होती. ज्या घराचे दार आश्रितांसाठी उघडे असते, तेथे घरातील उपासना खाजगी राहू शकते काय, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर तेव्हा मिळाले नाही. रमाबाईंचा प्रामाणिकपणा आणि पालकांची काळजी या दोहोंनाही आधार होता.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या व पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदनाची वसाहत उभी केली. मनोरमेच्या बालपणाचा व तारुण्याचा मोठा भाग अशा मुलींच्या सहवासात गेला. आईचे प्रेम, अन्न आणि वेळ या सर्वांत इतर मुलींचा वाटा आहे, ही गोष्ट तिला उपदेशाविना शिकावी लागली. पुढे तिने केडगावच्या शाळेची धुरा सांभाळली आणि अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम हाती घेतले. १९२१ मध्ये तिचा मृत्यू झाला. पुढील वर्षीच्या एप्रिलमध्ये रमाबाई निवर्तल्या.

टिळक कुटुंब : कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांनी काही वर्षे पतीपासून दूर राहून, मनाची खात्री झाल्यावर १९०० मध्ये हा धर्म स्वीकारला. टिळकांनी लक्ष्मीबाईंना लिहायला-वाचायला शिकविले ते घरीच. त्यांच्या शिकविण्यात सातत्य नव्हते. उत्साहाचा भर ओसरला की शिकवणीही थांबे. तरी त्या अपुऱ्या शिक्षणातून मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र, स्मृतिचित्रे (चार भाग, १९३४–३६), निर्माण झाले. [⟶ टिळक, लक्ष्मीबाई].

लक्ष्मीबाईंचे बालपण वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यात गेले होते. त्यामुळे या घरातील दयेचे शिक्षण सर्वप्रथम स्वतः गृहिणीस घ्यावे लागले. जातिभेद मनुष्याने केला, ईश्वराने नव्हे, अशी जाणीव झाल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. तो त्यांच्या दृष्टीने धर्मांतराहूनही अवघड टप्पा होता. मुलांनी जे पाहिले, ते हे आईचे बदलणे. टिळकांच्या घरी अनाथ, आजारी, विद्यार्थी आणि कवी यांची सतत वर्दळ असे. बालकवी ठोंबरे (१८९०–१९१८) या घरात राहिले व लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागविले. टाकून दिलेल्या वा पोरक्या मुलांना या घरात थारा मिळे आणि देवदत्त व तारा या मुलांना आपले घर त्यांच्यासमवेत वाटून घ्यावे लागे.

या औदार्याची किंमतही घराला मोजावी लागे. टिळक हाती आलेला पैसा गरजूस देऊन मोकळे होत आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्यास येई. स्मृतिचित्रेत या विसंगतीवर विनोदाचा प्रकाश पडला आहे. पण दुसऱ्यांवरील दया आणि स्वतःच्या माणसांविषयीचे कर्तव्य यांचा मेळ घालणे सोपे नसते, हेही त्यातून कळते. टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेत पारध्याच्या हातून घायाळ झालेल्या पक्षिणीची पिलांविषयीची तळमळ आहे. मराठी शाळांतील पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना प्राणिमात्रांविषयीच्या दयेचा पाठ या कवितेतून मिळाला. देवदत्त नारायण टिळक यांनी पुढे बालबोधमेवा या मुलांच्या मासिकाचे संपादन केले आणि वडिलांच्या चरित्रासाठी आईला आठवणी लिहावयास लावले. स्मृतिचित्रेचा उगम त्यात आहे. लक्ष्मीबाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी या ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. एका घरातील शिक्षण तीन पिढ्यांच्या वाङ्‌मयीन कार्यात कसे परिणत झाले, याचे हे उदाहरण होय.

स्वरूप व साधने : ख्रिस्ती घरांतील शिक्षणात सायंप्रार्थनेला मध्यवर्ती स्थान असे. तीत मराठी बायबलमधील उतारा मुलांनी क्रमाने मोठ्याने वाचावयाचा, त्यावर प्रश्न विचारावयाचे आणि शेवटी गीत म्हणावयाचे, असा सर्वसाधारण क्रम होता. धर्माचरण आणि वाचनाचा सराव ही दोन्ही कामे त्यातून साधत. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तासारख्या कथांतून परक्या व तिरस्कृत माणसाशीही शेजारधर्म पाळावा, ही कल्पना मुलांच्या मनावर बिंबविली जाई. टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन यांची परंपरा ख्रिस्ती उपासनेत आणल्यामुळे या गीतांना मराठी वळण मिळाले. शिवण, विणकाम, स्वयंपाक व बागकाम यांचा अभ्यासक्रमात समावेश असे. बालबोधमेवा व ज्ञानोदय (स्थापना १८४२) ही नियतकालिके घरोघरी वाचली जात. आजाऱ्याकडे जेवण पोहोचविणे, निरक्षर शेजाऱ्याचे पत्र लिहून देणे, धाकट्या भावंडास व आश्रित मुलास अक्षरे गिरवावयास शिकविणे, ही कामे मोठ्या मुलांकडे येत.

मर्यादा : उपर्युक्त तिन्ही घरे सुशिक्षित होती व त्यांनी आपला इतिहास स्वतः लिहून ठेवला, म्हणून तो उपलब्ध आहे. अहमदनगर व औरंगाबाद जिल्ह्यांतील बहुसंख्य ग्रामीण ख्रिस्ती कुटुंबे महार व मांग समाजांतून आलेली होती. आईवडील दोघेही मजुरीला जात आणि बहुधा निरक्षर असत. त्यांच्या मुलांना घरी कोण शिकविणार? त्यांच्या उन्नतीचे साधन मिशनची गावशाळा व वसतिगृह हेच ठरले. १८९९–१९०० च्या दुष्काळात तर हजारो मुलांना घरच उरले नाही. गृहशिक्षण हे मोकळा वेळ व साक्षर पालक असणाऱ्यांनाच शक्य होते, ही गोष्ट त्याच्या गौरवात विसरता येत नाही. तसेच एकाच मताच्या वातावरणात वाढलेल्या मुलास दुसरी बाजू पाहण्याची संधी कमी मिळण्याचा धोका या पद्धतीत असतो.

औद्योगिक पट्ट्यातील परिस्थिती : पुणे, नासिक व अहमदनगर या जुन्या केंद्रांतील कुटुंबांच्या पुढील पिढ्या नोकरीसाठी जेथे गेल्या, त्यांत पुण्यालगतचा पिंपरी-चिंचवड परिसर महत्त्वाचा आहे. शेजारच्या खडकी व देहूरोड या लष्करी वसाहतींमुळे तेथे ख्रिस्ती वस्ती पूर्वीपासून होती. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना उभा राहिला. १९६० नंतर औद्योगिक वसाहतीची झपाट्याने वाढ झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि पुढे पुणे-नासिक रस्त्यावरील चाकण हे वाहन उद्योगाचे केंद्र बनले. मराठवाडा व नगर भागांबरोबरच केरळ, तमिळनाडू, गोवे येथूनही कुटुंबे आली. पाळीनुसार बदलणारा दिनक्रम, दोघांचीही नोकरी, छोटी घरे आणि गावी राहिलेले आजी-आजोबा यांमुळे घरच्या शिक्षणास वेळ अपुरा पडतो. साहजिकच धार्मिक व नैतिक शिक्षणाचा भार रविवारच्या शाळेवर येतो आणि घरात सायंप्रार्थना तेवढी टिकते. मात्र अनेक भाषांची व धर्मांची मुले एकाच इमारतीत राहत असल्याने शेजारधर्माच्या शिक्षणास येथे जेवढा वाव आहे, तेवढा जुन्या मिशन-वसाहतींतही नव्हता.

शाळेत न घालता घरीच शिकविण्याची आधुनिक चळवळ अमेरिकेत १९७० नंतर वाढली. जॉन होल्ट (१९२३–८५) यांच्यासारखे शाळापद्धतीचे टीकाकार आणि श्रद्धाळू ख्रिस्ती पालक असे दोन भिन्न प्रवाह तीत एकत्र आले. भारतात बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम (२००९) १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. ६ ते १४ वयोगटातील पाल्यास शाळेत दाखल करणे हे त्यानुसार पालकांचे कर्तव्य आहे. मात्र पालकांसाठी शिक्षेची तरतूद त्यात नाही. गृहशिक्षणास अधिनियमात स्वतंत्र स्थान दिलेले नाही. घरी शिकणाऱ्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक परीक्षांस बसता येते. शहरी भागातील काही पालक हा मार्ग स्वीकारतात.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील ख्रिस्ती गृहशिक्षणाचा इतिहास हा शाळेला पाठ फिरविण्याचा इतिहास नव्हे. सोराबजींच्या घरातील वर्गातून शाळा झाली, रमाबाईंच्या बिऱ्हाडाचे सदन झाले आणि टिळकांच्या घरातून साहित्य व बालनियतकालिक यांना कार्यकर्ते मिळाले. या घरांतील मुले दयाळू निपजली, ती जगापासून जपल्यामुळे नव्हे. जगाचे दुःख घराच्या उंबरठ्यावर आले असता त्यांना आत पाठविण्यात आले नाही, म्हणून. त्याचबरोबर आश्रिताच्या श्रद्धेचा मान कसा राखावा आणि दया करताना आपल्या माणसांवर अन्याय कसा टाळावा, हे दोन प्रश्न या परंपरेने मागे ठेवले आहेत. मुलांना घरी शिकविणाऱ्या कोणत्याही धर्माच्या पालकांना ते सोडवावे लागतात.